डोंगरालाही चातुर्मास असावा

आषाढ शुद्ध चतुर्दशीला साधू-साध्वी एका क्षेत्री स्थिर होतात. वर्षाचे आठ महिने अनवाणी चालत गावामागून गावे जोडणारी ती पावले कार्तिक पौर्णिमेपर्यंत एका स्थानकाच्या परिसरात थांबतात. नेमक्या याच दिवसांत गृहस्थांची पावले मात्र घरात ठरत नाहीत. रविवार उजाडला की पाषाणहून सूसच्या रस्त्याने आणि चांदणी चौकातून पौडच्या रस्त्याने मोटारींची रांग पश्चिमेकडे सरकू लागते. या थांबण्याचे आणि त्या निघण्याचे कारण एकच आहे, ते म्हणजे पाऊस. जमीन जिवांनी भरली म्हणून साधू थांबतात आणि तीच जमीन हिरवी झाली म्हणून गृहस्थ निघतात. एकाच समाजाच्या या दोन वाटा परस्परांपासून इतक्या दूर का गेल्या, याचा विचार करण्यास चातुर्मासासारखा दुसरा काळ नाही.

सूस हे गाव या विचारासाठी सोयीचे ठिकाण आहे. मुंबई-बंगळुरू महामार्ग ओलांडला की शहर मागे पडते आणि मुळशीचा डोंगराळ मुलूख सुरू होतो, अशी या भागाची पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख. पाषाण, बाणेर आणि सूस यांच्यामध्ये टेकड्यांची एक रांग आहे. तिच्या अलीकडे पाषाणचा तलाव, तर पलीकडे नांदे, चांदे, लवळे ही गावे आणि मुळा नदीचे खोरे. तेथून पौड, मुळशीचे धरण आणि अखेर ताम्हिणीचा घाट. घाट उतरला की रायगड जिल्हा आणि कोकण. म्हणजे मुळशीच्या एका टोकाला शहराची सीमा आहे आणि दुसऱ्या टोकाला देश व कोकण यांची सीमा. या दोन सीमांमधील डोंगर दीर्घकाळ शांत राहिले. पूर्वेकडची सीमा मात्र आता जागची हलली आहे. जून २०२१च्या अखेरीस जी तेवीस गावे पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाली, त्यांत सूस आणि शेजारचे म्हाळुंगे होते. खिंडीपलीकडचे गाव शहराचे उपनगर झाले.

पावसाच्या दृष्टीनेही ही वाट विलक्षण आहे. पुणे शहरात वर्षाला सरासरी सातशे ते साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो. पन्नासेक किलोमीटर पश्चिमेला ताम्हिणीत त्याच्या कित्येक पट पडतो आणि महाराष्ट्रातील सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत त्याची गणना होते. त्यामुळे तासा-दीड तासाच्या प्रवासात बाभूळ, बोर आणि कुसळी गवताच्या कोरड्या टेकड्यांपासून सदाहरित झाडांच्या दाट रानापर्यंत सारे काही दृष्टीस पडते. पुणे आणि रायगड या दोन जिल्ह्यांत पसरलेले ताम्हिणी अभयारण्य २०१३ मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे पन्नास चौरस किलोमीटर आहे. महाराष्ट्राचा राज्यप्राणी असलेल्या शेकरूचा तेथे अधिवास आहे.

परंतु ताम्हिणीपर्यंत जाण्यापूर्वी सूसच्या टेकडीवरच थोडे थांबावे. पहिल्या दोन-तीन सरींनंतर या टेकडीवर जे घडते, ते आगमांच्या वाचकाला अनोळखी नाही. दगडाखालून गोगलगायी निघतात. भिजलेल्या मातीतून गांडुळे वर येतात. मृग नक्षत्राच्या सुमारास मखमलीसारखा लालभडक मृगाचा किडा पायवाटेवर दिसू लागतो. प्राचीन वाङ्मयात त्याला इंद्रगोप म्हणतात आणि उत्तराध्ययन सूत्राच्या छत्तिसाव्या अध्ययनात तीन इंद्रियांच्या जीवांमध्ये त्याची गणना आहे. लहान मुलांना पाठशाळेत द्वींद्रिय, त्रींद्रिय, चतुरिंद्रिय असे भेद पाठ करावे लागतात. आषाढातील टेकडीच्या एका चौरस हातात हे सारे भेद एकत्र भेटू शकतात. उघड्या माळावर टिटवी आणि चंडोल घरटे करतात. त्यांची अंडी खडे-मातीच्या रंगाची असल्यामुळे पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. काळ्या कातळावर शेवाळ धरते. जैन शास्त्राने शेवाळाला अनंतकाय म्हटले आहे. एका शरीरात अनंत जीव. पावसाळी सहलीत सर्वाधिक पाय घसरतात ते याच शेवाळावर. तेथे पाय न ठेवणे ही जीवदया आहे आणि स्वतःच्या हाडांची काळजीही आहे.

वर्षावासाची प्रथा याच निरीक्षणातून जन्मली. आठ महिने चालणे हा साधूचा धर्म आणि चार महिने न चालणे हाही धर्मच. भगवान महावीरांनी दीक्षेनंतर बेचाळीस चातुर्मास केले आणि अखेरचा पावापुरी येथे केला. चालताना चार हात जमीन न्याहाळत पाऊल टाकावे, ही ईर्यासमिती. जेव्हा चार हात जमीन न्याहाळूनही जीव टाळणे अशक्य होते, तेव्हा चालणेच थांबवावे, हा वर्षावास. या दोन्ही नियमांत जमिनीकडे पाहणे समान आहे.

यातील फार थोडे जण ध्यानात घेतात अशी एक गोष्ट म्हणजे या शिस्तीने एका संपूर्ण पर्वताला विश्रांती मिळवून दिली आहे. पालिताण्याचा शत्रुंजय हा श्वेतांबर मूर्तिपूजक परंपरेचा सर्वश्रेष्ठ तीर्थपर्वत. तीन हजारांहून अधिक पायऱ्यांच्या त्या मार्गावर वर्षभर यात्रेकरूंची रीघ असते. मात्र चातुर्मासात यात्रा बंद राहते आणि कार्तिक पौर्णिमेला मोठ्या उत्साहात पुन्हा सुरू होते. वर्षातील चार महिने त्या डोंगरावरचे गवत कोणाच्या पायाखाली तुडवले जात नाही. हे कोणत्याही सरकारी आदेशामुळे घडलेले नाही. श्रद्धाळू समाजाने स्वतःच्या परमप्रिय डोंगरापासून स्वतःला दूर ठेवले आणि त्यातून हे घडले. आधुनिक काळात अभयारण्ये पावसाळ्यात पर्यटकांसाठी बंद ठेवण्याचा जो नियम अनेक ठिकाणी पाळला जातो, त्याचे शहाणपण या परंपरेला फार पूर्वी उमगले होते.

मग मुळशीच्या डोंगरांना हा चातुर्मास का लाभू नये?

येथे कोणी म्हणेल की साधूंचे महाव्रत वेगळे आणि गृहस्थाचे जीवन वेगळे. ते खरेच आहे. गृहस्थाने घराबाहेर पडू नये असे शास्त्रही सांगत नाही. श्रावकाच्या बारा व्रतांत निषेधापेक्षा मर्यादेला अधिक स्थान आहे. सहावे दिशापरिमाण व्रत कोणत्या दिशेला किती दूर जायचे याची सीमा ठरवते. दहावे देशावकाशिक व्रत ती सीमा दिवसापुरती आणखी आखडून घेते. आठव्या अनर्थदंड विरमण व्रतात निष्प्रयोजन हिंसा टाळण्याचा संकल्प आहे. उपासकदशांग सूत्रातील आनंद श्रावक काही निर्धन नव्हता. चार कोटी सुवर्णमुद्रा निधीत, चार कोटी व्याजी लावलेल्या आणि चार कोटी घरसंसाराच्या वैभवात, असा त्याचा ताळेबंद सूत्रात नोंदलेला आहे. त्यानेही भगवंतांसमोर जमिनीची मर्यादा ठरवली आणि प्रवासासाठी पाचशे गाड्या, त्याहून अधिक नाहीत, असा नियम घेतला. पाचशे ही संख्या आज मोठी वाटेल. पण मर्यादेचा अर्थ संख्येच्या लहान-मोठेपणात नाही. संपन्न माणसाने, कोणी मागितलेले नसताना, ‘येथवर’ असे स्वतःच म्हणावे, यात तो आहे.

आज पुण्यातील मध्यमवर्गीय कुटुंबाजवळही आनंद श्रावकाला अप्राप्य असलेली गती आहे. सकाळी नाश्ता करून निघालेले कुटुंब दुपारी ताम्हिणीच्या धबधब्याखाली उभे असते. जाताना घाटरस्त्यावर पावसात बाहेर पडलेले खेकडे आणि बेडूक चाकांखाली किती जातात, याची गणती गाडीच्या काचेआडून होत नाही. मुळशीत त्या वेळी भाताची लावणी चालू असते. रस्त्याकडेला लावलेल्या मोटारी बांध खचवतात, फेकलेल्या बाटल्यांच्या काचा चिखलात रुततात आणि लावणी करणाऱ्या बाईच्या अनवाणी पायात शिरतात. हा अनर्थदंड नव्हे तर काय? कोणाचेही वाईट चिंतलेले नाही, कोणताही लाभ झालेला नाही आणि तरी हिंसा घडली आहे. आठव्या व्रताची व्याख्या यापेक्षा निराळी नाही.

गर्दीचा दंड माणसांनाही भोगावा लागतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणाजवळच्या प्रवाहात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी मावळातील कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांची गर्दी असताना कोसळला आणि चौघांनी प्राण गमावले. दोन्ही दिवस रविवार होते. अशा दुर्घटनांनंतर प्रशासन बंदीचे आदेश काढते, काही आठवडे फलक लागतात आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा रांगा लागतात. बाहेरून लादलेली मर्यादा पहारा उठला की संपते. व्रत म्हणून घेतलेल्या मर्यादेला पहाऱ्याची गरज नसते.

सहलींपेक्षाही गंभीर असा एक विषय आहे आणि समाजाच्या मासिकात तो टाळणे योग्य होणार नाही. श्रावकाच्या सातव्या व्रतात पंधरा कर्मादाने सांगितली आहेत. म्हणजे ज्या व्यवसायांत हिंसा अटळपणे मोठी असते, ते व्यवसाय. हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रातही त्यांचे विवरण आहे. त्यांत वनकर्म म्हणजे झाडे तोडण्याचा धंदा आहे. स्फोटकर्म म्हणजे जमीन वा खडक फोडण्याचा धंदा आहे. दवदान म्हणजे रानाला आग लावणे आणि सरःशोष म्हणजे तळी-सरोवरे आटवणे, हीही त्यांत आहेत. ही यादी हातात घेऊन सूसच्या खिंडीत उभे राहावे आणि चहूकडे पाहावे. उताराच्या पोटात मुरमाचे लाल-पिवळे कापलेले कडे दिसतात. ओढ्यांच्या पात्रांत भराव दिसतो. उन्हाळ्याच्या अखेरीस टेकडीवर वणव्याचे काळे पट्टे दिसतात. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून घडलेला हा बेसाल्ट यंत्राच्या दोन पाळ्यांत सपाट होतो. पृथ्वीकायाच्या विराधनेचे याहून स्पष्ट चित्र शोधून सापडणार नाही.

घरे बांधू नयेत असे म्हणणे शहाणपणाचे नाही. शहर वाढते आहे, तरुण कुटुंबांना निवारा हवा आहे, आणि सूस-म्हाळुंगे-बावधन भागात आपल्याच समाजाची शेकडो कुटुंबे राहावयास आली आहेत. पण सपाट जागेवर उभे राहणारे घर आणि डोंगराचा उतार कापून उभा केलेला बंगला यांत फरक आहे. पहिल्याला गरज म्हणता येते. रविवारच्या विश्रांतीसाठी टेकडीवर घेतलेला आणि वर्षातील तीनशे दिवस कुलूपबंद असलेला बंगला सातव्या आणि आठव्या दोन्ही व्रतांच्या कसोटीला उतरत नाही. बांधकामाच्या, भूखंडांच्या आणि अर्थपुरवठ्याच्या व्यवसायात समाजाचे अनेक बंधू अग्रेसर आहेत. त्यांच्या दानशूरतेवर पांजरापोळी, रुग्णालये आणि स्थानके उभी आहेत. त्यांच्यापैकी प्रत्येकाने ‘डोंगरउतार फोडून होणाऱ्या कामात भांडवल घालणार नाही’ एवढा एकच नियम घेतला, तर तो कोणत्याही मोठ्या देणगीपेक्षा मोलाचा ठरेल. देणगी दिलेली रक्कम पुन्हा मिळवता येते. फोडलेला डोंगर पुन्हा मिळत नाही.

मर्यादेने निसर्ग कसा टिकतो, याचे उदाहरण मुळशीच्या भूमीतच आहे. या तालुक्यातील अनेक गावांनी देवराया राखल्या. ग्रामदेवतेच्या नावाने सोडलेल्या त्या रानात कुऱ्हाड चालवायची नाही आणि काही ठिकाणी तर वाळलेले लाकूडही घरी न्यायचे नाही, असा गावाचा दंडक. १९७०च्या दशकात वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ या शास्त्रज्ञांनी पश्चिम महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास करून त्यांचे महत्त्व जगापुढे मांडले. आजूबाजूचे डोंगर उघडे पडले असताना या छोट्या तुकड्यांत जुनी झाडे उभी होती. त्या राखणाऱ्यांनी वनस्पतिकाय हा शब्द ऐकलेला नव्हता. त्यांनी आचरण मात्र तेच केले.

याच मुळशीत १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. धरण झाले. पाणी कोकणातील भिऱ्याकडे वळवून वीज निर्माण झाली आणि मावळ्यांची भाताची खाचरे जलाशयाखाली गेली. जलाशयाच्या काठावर छायाचित्र काढताना त्या निळ्या पाण्याखाली गावे आहेत, याची आठवण ठेवणे हीही एक यतना आहे. डोंगराळ मुलुखाने शहरासाठी यापूर्वीच पुष्कळ दिले आहे. पाहुण्याने तरी आणखी मागू नये.

तर मग श्रावक कुटुंबाने डोंगरावर जावे ते कसे? आपल्या आचाराकडे पाहिले तर याचे उत्तर तयारच आहे. चौविहार पाळणारे कुटुंब सूर्यास्तापूर्वी जेवण उरकते. मग अंधार पडण्याआधी डोंगर उतरून परत येणे आपोआप साधते आणि रात्रीचे रान रानाच्या मालकांसाठी मोकळे राहते. खाकरे, थेपले, कोरडे फरसाण घरून डब्यात नेले आणि गाळलेले पाणी स्टीलच्या बाटलीत भरले, की प्लास्टिकची पिशवी नको आणि चूलही नको. अग्निकायाची विराधना टाळणाऱ्याच्या हातून शेकोटीची ठिणगी वणवा पेटवणार नाही. पान-फूल न तोडण्याचा नियम मुलांना घरीच लागलेला असतो, त्याला डोंगरावर फक्त उजाळा द्यायचा. मौनाचा अभ्यास असलेल्याला टेकडीवर मोठ्या आवाजात गाणी लावण्याची गरज वाटू नये. जे आचरण स्थानकात शोभते, तेच टेकडीवरही शोभते.

यात चातुर्मासासाठी थोडी भर घालावी. पावसाच्या चार महिन्यांत दूरच्या धबधब्यांचा, घाटवाटांचा आणि पाण्यात उतरण्याचा नियम-त्याग करावा. मन अगदीच उत्सुक झाले, तर घराजवळच्या टेकडीवर, रुळलेल्या पायवाटेनेच, पाऊस उघडलेला असताना, मोजक्या माणसांनी चालावे आणि चार हात जमीन न्याहाळत चालावे. नवी वाट पाडू नये. गवतात शिरू नये. वृक्षारोपणाचा उत्साह असेल तर आधी जाणत्या माणसाला विचारावे. पुण्याच्या टेकड्यांवर झटपट वाढते म्हणून ग्लिरिसिडिया मोठ्या प्रमाणावर लावला गेला. तो विदेशी वृक्ष येथील पाखरांना फारसा उपयोगी पडत नाही. पळस, पांगारा, काटेसावर, धावडा, करवंद ही या मातीची लेकरे आहेत. आणि माळरान मोकळेच राहू द्यावे, कारण टिटवीला झाडाची नव्हे, माळाची गरज असते. जे रोप लावले, त्याला तीन उन्हाळे पाणी घालण्याची जबाबदारी लावणाऱ्याचीच.

संवत्सरीला चौऱ्याऐंशी लक्ष जीवयोनींची क्षमा मागितली जाते. त्या क्षमापनेत पृथ्वीकाय पहिला येतो आणि त्याच्यामागोमाग अप्काय, तेउकाय, वाउकाय, वनस्पतिकाय. ते उच्चारताना सूसच्या टेकडीचा कापलेला उतार डोळ्यांसमोर आला, तर त्या शब्दांना वजन येईल.

चातुर्मास संपतो, तेव्हा मुळशीचे डोंगर सर्वांत सुंदर असतात. आकाश धुतलेले असते, गवत सोनेरी होऊ लागते, कातळ कोरडे व पायाला भरवशाचे झालेले असतात आणि खाचरांत आंबेमोहोराची कापणी-मळणी चालू असते. कार्तिक पौर्णिमेनंतर साधू-साध्वींचा विहार सुरू होतो. त्याच आठवड्यात संघातील कुटुंबांनी मुलांसह डोंगरवाट धरावी, गुरुभगवंत त्या बाजूला निघाले असतील तर त्यांच्यासोबत चार कोस अनवाणी चालावे, आणि परतताना एखाद्या शेतकऱ्याच्या अंगणातून पाच किलो नवा आंबेमोहोर रास्त भावाने, घासाघीस न करता विकत घ्यावा. चार महिने विसावलेला डोंगर पाहुण्याचे स्वागत अधिक मोकळेपणाने करतो. शत्रुंजयाच्या पायथ्याशी कार्तिकी पौर्णिमेच्या पहाटे उभा राहिलेला प्रत्येक यात्रेकरू हे जाणतो. सूसच्या खिंडीतून पश्चिमेकडे जाणाऱ्यांनीही ते अनुभवून पाहावे.